सिनेगॉगच्या कॉयरची हजेरी : सणाला सगळे, प्रॅक्टिसला चौघे

मंद्र_सप्तक
२५ जुलै २०२६, रात्री ९:५०

शालोम आणि नमस्कार मंडळी.

बिरड्याचा रोजा, म्हणजे आमचा शोकाचा उपास, गुरुवारी झाला. नव्याच्या सणाला (आमचं नवं वर्ष), म्हणजे ११ सप्टेंबरच्या संध्याकाळला, आता सात आठवडेच आहेत, म्हणून हा धागा काढतोय. भायखळ्याच्या बाजूच्या एका सिनेगॉगच्या (यहुद्यांच्या प्रार्थनाघराच्या) कॉयरची, म्हणजे गायकवृंदाची, व्यवस्था मी बघतो. गाणं शिकवणं आमच्या हजानसाहेबांकडे (ते प्रार्थना गाऊन चालवतात) आणि हार्मोनियम वाजवणाऱ्या एका ताईंकडे आहे. माझ्याकडे फोन करणं, दिवस ठरवणं आणि कोण येणार, कोण नाही याचा हिशेब ठेवणं. कोणालाही पैसे मिळत नाहीत, मलाही नाही.

ज्यांना आमच्या समाजाची ओळख नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. आम्ही बेने इस्रायल, कोकणातले मराठी बोलणारे यहुदी. पेण, रोहा, किहीम, नवगाव अशा गावांवरून आमची आडनावं. तेल गाळायचा धंदा आणि शनिवारी घाणा बंद, म्हणून गावकरी ‘शनवार तेली’ म्हणायचे. मुंबईतलं पहिलं सिनेगॉग मांडवीला १७९६ साली सॅम्युएल इझिकेल दिवेकरांनी बांधलं. जुनी माणसं अजून सिनेगॉगला ‘मशीद’च म्हणतात. देशभरात मिळून आज आम्ही पाच हजारांच्या आत आहोत आणि त्यातले बहुतेक मुंबई-ठाण्यात. दुसरीकडे गाणारा सोडून गेला तर नवा शोधता येतो. आमच्याकडे भायखळा, आग्रीपाडा, जेकब सर्कल, कुर्ला, ठाणे कुठेही जा, घरं तीच. म्हणून हजेरीचा प्रश्न आमच्याकडे जरा वेगळा आहे.

अडचण अशी आहे. वहीत नावं भरपूर. सणाच्या दिवशी सगळे पांढरे कपडे घालून उभे राहतात आणि आनंदाने गातात. पण रविवारच्या प्रॅक्टिसला चौघे, फार तर पाच. आणि दर वेळी वेगळे चौघे! मागच्या रविवारी ज्यांनी चाल पक्की केली ते या रविवारी नाहीत, आज आलेल्यांना पुन्हा पहिल्या ओळीपासून. ताई एकच कडवं महिनाभर शिकवत राहतात.

‘आदोन ओलाम’ला काही अडत नाही, ते सगळ्यांच्या अंगात आहे. अडतं ते किप्पूरच्या, म्हणजे मोठ्या उपासाच्या दिवशी, नइलाच्या (दिवसाच्या शेवटच्या प्रार्थनेच्या) वेळी ‘एल नोरा अलीला’ गाताना. आदल्या संध्याकाळपासून तोंडात पाण्याचा थेंब नाही. घसा कोरडा, पाय दुखतात आणि स्वर्गाचं दार मिटायची वेळ आलेली असते. त्या वेळी गळा थकून सूर आपोआप खाली सरकतो. ज्यांनी प्रॅक्टिस केलीय त्यांना सरकलेला सूर कळतो आणि ते तो धरून वर आणतात. ज्यांनी केली नाही ते मोठ्या आवाजात खाली ओढतात. हार्मोनियमचा आधार नाही, कारण शब्बाथला (शुक्रवार संध्याकाळ ते शनिवार संध्याकाळ) आणि सणाला वाद्य नाही. माईक नाही. सगळा भार कानावर. आणि वर्षभरातली सगळ्यांत महत्त्वाची प्रार्थना तीच!

आणखी एक. शब्बाथला लिहायचं नाही, त्यामुळे शुक्रवार-शनिवारची हजेरी त्याच वेळी मांडता येत नाही. हवदाला झाल्यावर, म्हणजे शब्बाथ संपल्यावर, आठवून लिहितो. आत्ता तेच करून हा धागा लिहायला बसलोय.

आता प्रश्न. हजेरीचा नियम करावा का? इतक्या प्रॅक्टिस केल्या नाहीत तर सणाला उभं राहायचं नाही, असं सांगावं का? समितीतल्या काहींचं म्हणणं करावाच. काहींचं म्हणणं, असा नियम केला तर उरलेलेही येणार नाहीत. भजनी मंडळं, चर्चचे कॉयर, ढोलपथकं, नाटकाच्या तालमी चालवणारी बरीच माणसं इथे आहेत. तुम्ही कसं करता ते सविस्तर लिहा, कृपया.

पथकवाला_गिरगाव
२५ जुलै, रात्री १०:३५

नियम कराच. आमच्या ढोल-ताशा पथकात गणपतीच्या आधी दोन महिने सराव असतो. हजेरीची ठरावीक टक्केवारी नसेल तर मिरवणुकीत ढोल मिळत नाही. मग तो अध्यक्षांचा भाचा असला तरी नाही. पहिल्या वर्षी रुसवेफुगवे होतात, दुसऱ्या वर्षी लोक कामावरून थेट सरावाला येतात. मोठ्या जमावाला शिस्त लागते ती सवलत न दिल्यानेच. एकाला सवलत दिली की जो रोज येतो तो विचारतो, मी कशाला येऊ? आणि त्याला उत्तर देता येत नाही.

तेहिलीम
२५ जुलै, रात्री ११:१०

पथकवाले, तुमचं कौतुक आहे, मिरवणुकीसाठी ते बरोबरच. पण हे प्रार्थनेचं घर आहे, बाळा. मी बरीच वर्षं गब्बाई, म्हणजे सिनेगॉगचा कारभारी, होतो. सणाच्या दिवशी दारातून आलेल्या माणसाला ‘तू गाऊ नकोस’ असं म्हणायचा अधिकार मुकादमालाही (सिनेगॉगच्या प्रमुखालाही) नाही आणि हजानालाही नाही.

लग्नाचंच बघा. नवरी दारातून आत येते आणि नवरा ‘योनाती झीव यिफातेख’ सुरू करतो. सगळी मशीद त्याच्या मागे गाते. त्याची प्रॅक्टिस कोणी घेतली? आजीच्या मांडीवर बसून ऐकलेलं असतं. १९व्या शतकात कोचीनहून आलेल्या हजानांनी आपल्या लोकांना प्रार्थना शिकवल्या, बगदादी यहुद्यांच्या चाली आल्या, काही चाली आपल्या कोकणातच मुरल्या. हे सगळं टिकलं ते सगळ्यांनी गायल्यामुळे. निवडक लोकांचा कॉयर करून बाकीच्यांना ऐकणारे बनवलंत तर दहा वर्षांनी बाकावर बसलेल्या कोणालाच चाल येणार नाही.

मंद्र_सप्तक, तुमची कळकळ समजते. पण नियम करताना हे विसरू नका.

कुर्ला_हार्बर
२६ जुलै, सकाळी ८:०५

मी वय वर्षं चोवीस. न येणाऱ्यांपैकी आहे (याच नाही, दुसऱ्या एका सिनेगॉगच्या कॉयरमध्ये). आमची बाजू सांगतो.

पहिली गोष्ट मिन्यान. बाहेरच्या वाचकांसाठी : दहा पुरुष जमल्याशिवाय कद्दीशची प्रार्थना म्हणता येत नाही, सेफेर तोरा (धर्मग्रंथाची गुंडाळी) काढता येत नाही. शुक्रवारी संध्याकाळी मला निदान दोन ठिकाणांहून फोन येतात, ‘आठ झालेत, तू ये.’ ज्या छोट्या सिनेगॉगमध्ये आठच म्हातारे बसलेत तिथे मी नाही गेलो तर तिथली प्रार्थनाच अडते. कॉयरमध्ये नाही गेलो तर फक्त एक आवाज कमी होतो. मग मी कुठे जाणार? कॉयरच्या वहीत मी गैरहजर, पण मी दांडी मारलेली नसते. हे लक्षात घेणारी एकही हजेरीवही मी पाहिलेली नाही.

दुसरी गोष्ट वेळ. प्रॅक्टिस अकराची म्हणायची, पावणेबारापर्यंत बाकीच्यांची वाट बघायची. म्हणजे वेळेवर आलेल्याला पाऊण तासाची शिक्षा आणि उशिरा येणाऱ्याला काहीच नाही. पुढच्या वेळी मीही पावणेबाराला जातो. शिवाय रविवारी अकरा ते चारच्या दरम्यान मध्य आणि हार्बरवर मेगाब्लॉक. हे सगळ्या मुंबईला माहीत आहे, तरी प्रॅक्टिस त्याच वेळेत का ठेवतात?

तिसरी. माझी रात्रपाळी असते. ‘दर रविवारी ये’ म्हटलं की मी आधीच नाही म्हणतो, कारण दर रविवार मला जमणारच नाही. ‘या सहांपैकी हे चार रविवार ये’ म्हटलं तर पाळी बदलून घेता येते. तारखा दोन महिने आधी हव्यात. आदल्या रात्री ग्रुपवर मेसेज टाकून काही होत नाही.

वसईची_आल्टो
२६ जुलै, दुपारी २:२०

आत्ताच मिस्सा आटोपून घरी आले. कुर्ला_हार्बरचा दुसरा मुद्दा शंभर टक्के खरा. आमच्या चर्चच्या कॉयरमध्ये एक गोष्ट बदलल्यावर खूप फरक पडला. ठरलेल्या वेळेला जे असतील त्यांच्यासह सुरू. दोघं असली तरी सुरू. आणि सगळ्यांत अवघड गाणं आधी घ्यायचं, सोपं शेवटी. पूर्वी आम्ही उलट करायचो, त्यामुळे उशिरा येणाऱ्याला अवघड तेवढं ताजं मिळायचं आणि वेळेवर येणारी माणसं सोपं घोटत बसायची.

दुसरं, माणसाची हजेरी मोजण्यापेक्षा आवाजाची मोजा. आम्ही चार आवाजांत गातो, तुम्ही कदाचित एक-दोनच. प्रत्येक आवाजाला दोन खात्रीचे लोक हवेत. ते दोघं असतील तर बाकीचे सहाजण टेकून गातात आणि चांगलं गातात. ते दोघं नसतील तर बाकीचे दहा असूनही उपयोग नाही. तुमच्याकडे चौघे येतात म्हणताय. रोज तेच चौघे आले असते तर तुमचा अर्धा प्रश्न सुटला असता. खरी तक्रार संख्येची नाहीच, चौघे दर वेळी वेगळे असतात ही आहे. धागा वाचताना मला तरी तसं वाटलं.

ख्रिसमसला आमच्याकडेही अचानक तीस माणसं उगवतात. त्यांना आम्ही सगळ्यांना येणाऱ्या कॅरल्समध्ये घेतो. मिस्साच्या मुख्य भागात नाही. कोणी रागावत नाही, कारण हे नोव्हेंबरमध्येच सांगितलेलं असतं.

ठाण्याची_लेक
२६ जुलै, रात्री ९:१५

इतका वेळ वाचत होते. एक गोष्ट कोणीच लिहिली नाही म्हणून लिहिते.

आमच्या सिनेगॉगमध्ये प्रॅक्टिसला सगळ्यांत नियमित येणाऱ्या बायका आहेत. हार्मोनियमवर बाई, चाली आठवणाऱ्या बाया, जुन्या वह्या जपून ठेवलेल्याही बायाच. माझ्या आजीकडे मराठी गाण्यांची हाताने लिहिलेली वही आहे. योसेफची, मोशेची, एलियाहू हनाबीची (प्रेषित एलियाची). आपल्या समाजात १९व्या शतकाच्या अखेरीस कीर्तनं सुरू झाली, मराठी कीर्तनाच्या वळणाची, त्यातली पदंसुद्धा बायकांनीच घराघरांत टिकवली. पण सणाच्या दिवशी आम्ही वर गॅलरीत. आणि मग खालून निरोप येतो की जरा हळू, खालच्या मुलांचा आवाज ऐकू येऊ द्या.

बायकांचा आवाज प्रार्थनेत ऐकू यावा की नाही यावर धर्मशास्त्रात मतं आहेत हे मला माहीत आहे आणि मी त्या वादात इथे पडणार नाही. १९२५ साली डॉ. जेरुशा झिराड यांच्या पुढाकाराने मुंबईत ज्युइश रिलिजस युनियन निघाली, तिथे स्त्री-पुरुष एकत्र बसतात. आमची रीत वेगळी आहे आणि मी माझ्या सिनेगॉगची रीत मानते. पण मग हिशेब सरळ असू द्या. ज्यांच्याकडून दर आठवड्याला यायची अपेक्षा करता त्यांना सणाला काय जागा देणार ते आधी सांगा. मलिदाच्या (आभाराच्या विधीच्या) वेळी, हनुक्काला (दिव्यांच्या सणाला), सिनेगॉगच्या वर्धापनदिनाला, कीर्तनाला, जिथे रीत आड येत नाही तिथे आम्हाला पुढे उभं करा. आणि त्यासाठी वेगळी प्रॅक्टिस ठेवा. पुरुषांच्या तालमीत हार्मोनियमचा सूर द्यायला आम्ही आणि सणाला गप्प बसायलाही आम्हीच, असं असेल तर निष्ठा फक्त आमच्याकडून का मागता?

टाळकरी
२७ जुलै, सकाळी ७:३०

लालबागचा आहे, घरात वारी. ताईंचं म्हणणं पटलं.

आमच्या भजनात असं असतं : टाळ कोणीही घ्यावा. रस्त्यावरून जाणारा माणूस आला, चपला काढल्या, टाळ घेतला, उभा राहिला. त्याला कोणी विचारत नाही की गेल्या एकादशीला कुठे होतास. पण पखवाज आणि चाल सांगणारा, ही माणसं ठरलेली. ती नसली तर भजन उभंच राहत नाही. तेहिलीम काका आणि पथकवाले दोघंही बरोबर आहेत असं मला वाटतं, दोघं वेगवेगळ्या माणसांबद्दल बोलतायत.

आणि सप्ताहातला विण्याचा पहारा सांगतो, तुम्हाला उपयोगी पडेल. सात दिवस वीणा खाली ठेवायची नाही. पहाऱ्याच्या पाळ्या लावलेल्या असतात. तुमची वेळ संपली तरी पुढचा येईपर्यंत तुम्ही हलायचं नाही, वीणा त्याच्या गळ्यात घालूनच जायचं. येता येणार नसेल तर आधीच कोणाशी तरी पाळी बदलून घ्यायची. समितीला फोन करून ‘मला जमत नाही’ एवढंच सांगायचं नाही, ‘माझ्या जागी अमुक येतोय’ असं सांगायचं. आमच्याकडे दंड नाही, टक्केवारी नाही. तरी मी लहानपणापासून वीणा कधी खाली ठेवलेली पाहिली नाही.

अश्दोदहून
२७ जुलै, दुपारी १२:४५

शालोम सगळ्यांना. मी मुंबईच्या एका कॉयरमधून इकडे इस्रायलला आलो. कॉयर अर्ध्यात सोडून जाणाऱ्यांपैकीच मी एक.

निघायच्या आधी हजानसाहेबांनी मला बसवून सगळ्या चाली फोनवर रेकॉर्ड करून घेतल्या, एकेक आवाज वेगळा, सावकाश, शब्द स्पष्ट. आज तिकडची मुलं लोकलमध्ये कानाला लावून त्या ऐकतात असं कळतं. तुम्हीही करा. पण एक सावधगिरी. रेकॉर्डिंग आलं की काहीजण म्हणतात, आता प्रॅक्टिसला कशाला यायचं, घरी ऐकतो. घरी ऐकून शब्द आणि चाल येते. श्वास कुठे घ्यायचा, कोण थांबला की आपण उचलायचं, सूर घसरला की कोणाकडे बघायचं, हे एकत्र उभं राहूनच येतं. म्हणून रेकॉर्डिंग प्रॅक्टिसच्या आधी ऐकायला द्या आणि प्रॅक्टिसमध्ये चाल शिकवू नका, एकत्र गाणं तेवढंच घ्या. मग दीड तास लागायचा तिथे पाऊण तासात होतं, आणि पाऊण तासासाठी माणूस येतो.

उच्चारांचंही एकदा ठरवून टाका. इकडून परत गेलेली मुलं ‘शब्बात’ म्हणतात, घरचे मोठे ‘शब्बाथ’. दोन्ही चालेल, पण एका ओळीत एकच हवं. आमच्याकडे यावरून एक ज्येष्ठ आंटी यायच्याच बंद झाल्या होत्या, कोणीतरी तरुणाने सगळ्यांसमोर त्यांना दुरुस्त केलं म्हणून. सगळ्यांत जास्त चाली येणारं माणूस गेलं.

पथकवाला_गिरगाव
२७ जुलै, दुपारी १:३०

टाळकरी, बदलीचा मुद्दा आवडला. पण बदली द्यायला तितकी माणसं हवीत ना? मंद्र_सप्तक म्हणतात माणसंच नाहीत.

टाळकरी
२७ जुलै, दुपारी १:५५

म्हणून तर पहाऱ्याची माणसं थोडीच लागतात. सगळ्यांना पहारा देऊच नका. आठ जणांत चार पाळ्या बसतात.

मंद्र_सप्तक
२८ जुलै, रात्री १०:२०

सगळ्यांचे मनापासून आभार. काल हजानसाहेब, ताई आणि समितीतल्या दोघांबरोबर बसलो, हा धागा त्यांना वाचून दाखवला. ठरलं ते लिहितो, कारण दुसऱ्या कोणाला उपयोग होईल, आणि चुकत असेल तर इथे कोणी सांगेल.

सरसकट हजेरीचा नियम करणार नाही. तेहिलीम काकांचा शब्द हजानसाहेबांनी उचलून धरला : प्रार्थना गाण्यापासून कोणाला अडवायचं नाही. पण गाण्यांचे दोन भाग केले. एक भाग सगळ्यांचा. ‘लखा दोदी’, ‘आदोन ओलाम’, ‘आवीनू मालकेनू’ आणि अशी जी माहीत आहेत ती सगळी. तिथे कॉयर वेगळा उभाच राहणार नाही, लोकांमध्ये विखरून बसेल, म्हणजे बाकांवरचा आवाज वाढेल. दुसरा भाग बसवलेल्या गाण्यांचा. यंदा तीनच : नव्याच्या सणाला संध्याकाळी ‘अखोत केताना’, शोफारच्या (शिंग फुंकण्याच्या) आधी ‘एत शआरे रात्सोन’ आणि नइलाला ‘एल नोरा अलीला’. ही तीन आठ जणांनी धरायची. बाकीच्यांनी धृपद झेलायचं, कडवं त्या आठांचं. आधी सात-आठ गाणी बसवायचा विचार होता, तो सोडला. इतक्या माणसांत तीन चांगली होतील आणि मला ती चांगली व्हायला हवी आहेत.

या आठ जणांकडून मागणं स्पष्ट आहे. २, ९, १६, २३, ३० ऑगस्ट आणि ६ सप्टेंबर, असे सहा रविवार, संध्याकाळी सव्वापाच ते सहा. मेगाब्लॉक चारच्या सुमाराला उठतो, तोपर्यंत ठाण्या-कुर्ल्याहून गाड्या सुरळीत झालेल्या असतात. सहांपैकी चार प्रत्येकाने आजच निवडून सांगायचे. निवडलेल्या दिवशी जमलं नाही तर त्याच आवाजाच्या माणसाशी बदली करायची आणि ती मला कळवायची. मुदत सिम्हात तोरापर्यंत, म्हणजे या सणांच्या शेवटच्या दिवसापर्यंत, ४ ऑक्टोबर. त्यानंतर प्रत्येकजण मोकळा. हनुक्काच्या आधी पुन्हा विचारू, तेव्हा नाही म्हटलं तरी कोणी कारण विचारणार नाही. आम्ही आजपर्यंत माणसाला कॉयरमध्ये ‘घेत’ होतो, सुटकेची तारीख कधी देत नव्हतो. मला वाटतं बरीच माणसं त्या भीतीनेच हो म्हणत नसतील.

कुर्ला_हार्बर, तुझ्या मिन्यानच्या मुद्द्यावर सगळ्यांत जास्त वेळ बोललो. मिन्यानला दुसरीकडे गेलेला माणूस आमच्या वहीत हजर धरायचा, असं ठरलं. त्याने फक्त कळवायचं. शिवाय जवळच्या दोन सिनेगॉगच्या गब्बाईंशी बोलून शुक्रवारची यादी एकत्र करायची, म्हणजे एकाच मुलाला तीन फोन जाणार नाहीत. हे आधीच व्हायला हवं होतं असं हजानसाहेब म्हणाले.

ठाण्याची_लेक, तुमचा प्रतिसाद ताईंनी स्वतः मोठ्याने वाचला. सणाच्या प्रार्थनेची रीत आहे तशी राहील, ते आमच्या हातात नाही. पण हनुक्काच्या एका संध्याकाळी बायकांच्या वह्यांतली मराठी गाणी आणि कीर्तनातली पदं गायची, तेही खाली, पुढे उभं राहून आणि हार्मोनियमसह, असा ठराव समितीपुढे ठेवतोय. त्याची प्रॅक्टिस सिम्हात तोरानंतर वेगळी, आणि तिथे सूर धरायला पुरुषांनी यायचं. गॅलरीला ‘हळू’चा निरोप यापुढे जाणार नाही, हे हजानसाहेबांनी तिथेच सांगितलं.

यंदाचं वेळापत्रकही नीट बघा मंडळी. नव्याच्या सणाचा पहिला दिवस शनिवार, १२ सप्टेंबर. शब्बाथला शोफार वाजवत नाही, तो रविवारी १३ ला वाजेल, म्हणून ‘एत शआरे रात्सोन’ही रविवारी. दरवर्षी पहिल्या दिवशी गर्दी आणि दुसऱ्या दिवशी बाक रिकामे असतात. आणि १४ ला गणेश चतुर्थी, म्हणजे रविवारी लालबाग-भायखळा पट्ट्यात रस्त्यावर गाडी हलणार नाही. जे सणाला वाहन वापरत नाहीत त्यांनी शुक्रवारपासून जवळच्या नातेवाइकांकडे मुक्कामाची सोय आत्ताच बघावी. आमच्याकडे दोन घरं तयार आहेत. कोल निद्रे (किप्पूर लागतानाची प्रार्थना) रविवारी २० ला संध्याकाळी, त्या दिवशी सातव्या दिवसाचं विसर्जन. दुपारी तीनलाच निघा. किप्पूर सोमवारी, रजेचा अर्ज ऑगस्टमध्येच टाका.

तेहिलीम
२८ जुलै, रात्री ११:००

चांगलं ठरवलंत. एक भीती वाटते ती सांगतो. आठ जण ‘खात्रीचे’ म्हणालात की बाकीच्यांना वाटेल आपण बिनखात्रीचे. त्यांची नावं फळ्यावर लावू नका, ग्रुपवरही टाकू नका. आणि त्या आठांत एक तरी बार मिट्झ्वा (तेराव्या वर्षाचा विधी) नुकती झालेला पोरगा घ्या, त्याचा आवाज फुटत असला तरी. आत्ता ज्याला जवळ उभं केलंत तोच पुढे चाल सांगेल.

आणि त्या आंटींसारखं कोणी तुमच्याकडेही रुसून बसलं असेल. मंद्र_सप्तक, तुम्ही घरी जा. फोनवर नको.

वसईची_आल्टो
२९ जुलै, सकाळी ६:५०

काका, फार बरोबर. आमच्याकडे अशीच एक बाई परत आली ती फादर घरी गेले म्हणून.

मंद्र_सप्तक, नइलासाठी एक सुचवते. उपासाच्या शेवटी गळा उतरणारच, तर प्रॅक्टिसलाच ते गाणं नेहमीपेक्षा एक पट्टी खाली बसवा. आणि एकदा तरी दमलेल्या गळ्याने घ्या, प्रॅक्टिसच्या अगदी शेवटी, पाणी न पिता.

मंद्र_सप्तक
२९ जुलै, रात्री ९:०५

काका, नावं कुठेही लावणार नाही. पोरगा ठरला, आईवडिलांना विचारून झालं. आणि हो, आहे तसं एक घर माझगावला. शुक्रवारी शब्बाथ लागायच्या आधी जाऊन येतो.

आल्टो, एक पट्टी खाली, ताईंना पटलं. काळी एकवरून पांढरी एकवर आणतोय.

आठांपैकी सहाजणांनी आपापले चार रविवार कळवले आहेत. खालच्या आवाजात दोन जागा रिकाम्या आहेत, १६ आणि ३० ला तिथे कोणीच नाही.

कुर्ला_हार्बर
२९ जुलै, रात्री ११:४०

दुसऱ्या सिनेगॉगचा असलो तरी चालत असेल तर १६ आणि ३० मी धरतो, खालचाच आवाज आहे माझा. १६ ची रात्रपाळी बदलून मिळाली, ३० ची उद्या विचारतो. नाही मिळाली तर माझ्या मावसभावाला पाठवीन, त्याला ‘एल नोरा’ची चाल येते. रेकॉर्डिंग पाठवून ठेवा. आणि गब्बाईंची एकत्र यादी करायचं काम मला द्या, तिन्ही ठिकाणचे नंबर आधीच माझ्याकडे आहेत.